पत्रांचं पान परत आणायचंय? मग उत्तरं द्यायला बसा

प्रश्न: दादा नमस्कार, आम्ही तिघं मिळून मराठी कॉमिक काढतो, वर्षातून तीनदा, सेंटर पिन, २४ पानी. गोष्ट २२ पानांत संपते आणि दोन पानं उरतात. मी म्हणतो तिथे वाचकांची पत्रं छापू, जुन्या अमेरिकन कॉमिकमध्ये असायची तशी. चित्रं काढणारा मित्र म्हणतो इन्स्टावर कमेंट येतातच की, छापून काय वेगळं होणार? कोणाचं बरोबर?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमचं. पण मित्राचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका, कारण लोक आता नेटवर बोलतात म्हणूनच तर अमेरिकेत ही पानं मागे पडली आणि २००२ मध्ये डीसीने (बॅटमन, सुपरमॅन काढणारी कंपनी) आपल्या अंकांतली पत्रं बंदच करून टाकली.

आधी एक गंमत सांगतो. ही पानं काही वाचकांवरच्या प्रेमातून आलेली नाहीत. तिकडे मासिकांसाठीचा पोस्टाचा स्वस्त दर मिळवायचा तर अंकात दोन पानं तरी नुसता मजकूर हवा असा नियम होता, म्हणून जुन्या अंकांत मध्येच दोन पानी गद्य गोष्ट घुसडलेली असायची जिच्याकडे पोरं ढुंकूनही बघायची नाहीत. मग संपादकांची ट्यूब पेटली की पत्रं म्हणजेही मजकूरच, आणि तो वाचक फुकटात लिहून पाठवतात! म्हणजे तुमच्यासारखाच दोन पानांचा प्रश्न.

खरी मजा पुढे झाली. डीसीचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी १९६१ मध्ये पत्राखाली वाचकाचा पूर्ण पत्ता छापायला सुरुवात केली. ते स्वतः पोरवयात विज्ञानकथांच्या वेडातून दोस्त जमवलेले आणि १९३२ मध्ये त्यांच्याबरोबर हौशी मासिक काढलेले गृहस्थ, तेव्हा पत्ता छापला की काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. झालंही तसंच, वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रं लिहायला लागले, त्यातून हौशी मासिकं निघाली. जॉर्ज आर. आर. मार्टिन शाळकरी असताना १९६३ मध्ये त्याचं एक पत्र डीसीची प्रतिस्पर्धी कंपनी मार्व्हलच्या फँटॅस्टिक फोर या कॉमिकच्या २०व्या अंकात छापून आलं, खाली पत्ता होता, तो बघून लोकांनी त्याला अशी मासिकं पाठवली आणि त्यांतच तो गोष्टी लिहायला लागला (हो, तोच, गेम ऑफ थ्रोन्सवाला). रॉय थॉमस हा मिसूरीतला शाळामास्तर तर पत्रं लिहिता लिहिता १९६५ मध्ये मार्व्हलमध्ये नोकरीला लागला आणि १९७२ मध्ये मुख्य संपादक झाला.

मार्व्हलचा लेखक-संपादक स्टॅन ली याची तऱ्हा वेगळी. त्याने वाचकांना सांगून टाकलं की ते 'प्रिय संपादक' वगैरे बस झालं, सरळ स्टॅन आणि जॅक (म्हणजे चित्रकार जॅक कर्बी) म्हणा. कोणी अंकातली चूक काढली आणि ती चूक का नाही याचं भन्नाट स्पष्टीकरणही दिलं की त्याला 'नो-प्राइझ', म्हणजे 'बक्षीस नाही' नावाचं बक्षीस मिळायचं. म्हणजे घरी एक छापील पाकीट यायचं, वर अभिनंदन, आत तुमचं नो-प्राइझ आहे असा मजकूर, आणि आत काहीच नाही! काही जणांनी तर परत पत्र लिहून तक्रार केली की पाकीट रिकामं आलं. मला विचाराल तर त्या पानाचा जीव होता तो वाचकाला असं उत्तर देण्यात. इन्स्टावर तुम्ही हार्ट देता आणि पुढे सरकता, पानावर मात्र कुणीतरी शंभरातलं एक पत्र निवडतो, कापतो, त्याला चिमटा काढतो, आणि ते सगळं प्रत्येक वाचकाच्या हातातल्या प्रतीत तसंच राहतं.

नुसतं पान परत आणून भागत नाही हेही बघा. डीसीने जानेवारी २०११ मध्ये किंमत २.९९ डॉलरवर ठेवायला गोष्टीची पानं २२ वरून २० केली, सोबत पत्रंही परत आणली, आणि सप्टेंबरात सगळी मासिकं नव्याने १ नंबरपासून काढली तेव्हा पत्रं पुन्हा गायब. याउलट २०१२ मध्ये सुरू झालेलं सागा हे कॉमिक घ्या, ब्रायन के. व्हॉन आणि फियोना स्टेपल्स यांचं. पत्र फक्त पोस्टाने पाठवायचं, ईमेल चालत नाही, आणि ही पत्रं सुट्या अंकातच असतात, नंतर निघणाऱ्या जाड पुस्तकात नाहीत. म्हणजे अंक विकत घेणाऱ्यालाच ती मिळतात. तुम्हीही पीडीएफ काढत असाल तर पत्रं फक्त छापील अंकात ठेवा, मी तर म्हणतो ठेवाच.

एक मात्र करू नका, श्वार्ट्झसारखे पूर्ण पत्ते छापू नका. जमाना बदललाय आणि तुमचे निम्मे वाचक शाळेतले असणार. नाव आणि गाव पुरे. दोन वाचकांना एकमेकांशी बोलायचं असेल तर दोघांना विचारून (लहान असतील तर आईवडिलांना) तुम्हीच मध्यस्थी करा, थोडी कटकट आहे पण छापलेल्या पत्त्यांनी वाचक जोडले जायचे ते काम त्याशिवाय होणार नाही.

प्रश्न: पत्रांपेक्षा सरळ पोल घेतला तर? व्हिलन मरू दे का नको, एका दिवसात कळतं.
– एक वाचक, सांगली

उत्तर: घेऊन झालाय. १९८८ मध्ये बॅटमनचा साथीदार रॉबिन (दुसरा, जेसन टॉड) जगावा की मरावा यासाठी डीसीने फोन नंबर दिले, कॉलला ५० सेंट. मरू दे ५,३४३, वाचू दे ५,२७१, गेला बिचारा ७२ मतांनी. पण का मारायचा हे त्यातल्या एकालाही सांगावं लागलं नाही. लेखकाच्या कामाचं ते 'का' असतं हो, आकडा घेऊन तो काय करणार? तेव्हा पोल हवा तर घ्या, पण सोबत दोन ओळी मागा.

प्रश्न: आपल्याकडे कोण पत्र लिहिणार? पहिल्या अंकात पत्रंच नसली तर पान रिकामं सोडू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आपल्याकडे लिहीत नाहीत असं कोण म्हणतं? १९८० मध्ये मुंबईत टिंकल हे मुलांचं कॉमिक मासिक सुरू झालं, संपादक अनंत पै म्हणजे अंकल पै, आणि पोरं त्यांना ढिगाने पत्रं लिहायची, गोष्टीही पाठवायची. टिंकलमधला भोळसट सुप्पांडी अशाच एका वाचकाने त्रिचीहून पाठवलेल्या गोष्टींतून १९८३ मध्ये आला आणि त्याला चेहरा दिला तो चित्रकार राम वाईरकरांनी. हिंदीत राज कॉमिक्सचं ग्रीन पेज होतं, राज कॉमिक्सचे संजय गुप्ता तिथे वाचकांशी बोलायचे, अनेक जण अंक उघडला की आधी तेच वाचायचे.

पहिल्या अंकाचं म्हणाल तर खोटी पत्रं लिहू नका. फँटॅस्टिक फोरच्या तिसऱ्या अंकातल्या पहिल्यावहिल्या पत्रांत एक 'एस. ब्रॉडस्की' आहेत, ते मार्व्हलसाठीच काम करणारे सॉल ब्रॉडस्की, तिकडे खपून गेलं पण आज अर्ध्या तासात स्क्रीनशॉट फिरेल. त्यापेक्षा अंक छापायला जाण्याआधी दहा-बारा जणांना वाचायला द्या आणि 'कसं वाटलं' असं मुळीच विचारू नका, 'मस्त' एवढंच येतं. समजा, 'पान १४ वर ती दार का उघडत नाही', असं काहीतरी नेमकं विचारा. वाद घालतीलच. सोबत कोरं पोस्टकार्ड द्या, तुमचा पत्ता आधीच छापलेला, आणि जे सर्वात वाकडं बोलतंय ते पत्र सगळ्यात वर लावा.