वाचकांचे प्रश्न : वाद्यांची देखभाल – तारा वीस की बेचाळीस?

प्रश्न : माझ्याकडे १४ इंची, स्टीलच्या कड्याचा (गोल भांड्याचा) स्नेअर ड्रम असून गणेशोत्सवातील वाद्यवृंदात आणि लग्नकार्यांत मी तो वाजवतो. जून-जुलैत तो पेटीतच पडून होता. आता हलक्या हाताने वाजवले की खालच्या तारांची खरखर लांबत राहते आणि स्क्रू आवळून ती थांबवावी तर आवाज चिमटल्यासारखा, कोरडा येतो. दुकानदाराने ४२ तारांची जाळी बसवण्याचा सल्ला दिला आहे. ती घ्यावी का, आणि ती घरी बसवता येते का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : जाळी बदलावी लागेल असे आपल्या वर्णनावरून वाटते; मात्र ४२ तारांची घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खर्च करण्यापूर्वी एक तपासणी करावी. ड्रम मऊ चादरीवर उलटा ठेवून खटका (तारा हेडला टेकवणारी किंवा सोडवणारी कळ) चालू स्थितीत आणावा, खोलीतला दिवा मालवावा आणि हेडच्या, म्हणजे ताणलेल्या पातळ पडद्याच्या, पातळीवर डोळा आणून पलीकडून बॅटरीचा उजेड पाडावा. सगळ्या तारा हेडला सरळ टेकलेल्या असतील, तर तारांखालून उजेडाची फट दिसत नाही. एखादी तार मध्येच कमान करून उभी असेल किंवा सैल लोंबत असेल, तर ती लगेच नजरेत भरते आणि बहुतेक वेळा खरखर तिचीच असते. अशी तार एकच असेल, तर दोन्ही टोकांना, तारा जोडलेल्या धातूच्या पट्टीच्या अगदी लगत बारीक कटरने ती कापून टाकावी. उरलेल्या एकोणीस तारांवर ड्रम उत्तम वाजतो. कापलेल्या टोकाचा काटा हेडला टोचणार नाही, एवढे मात्र बोट फिरवून पाहावे. चार-पाच तारा वाकड्या असतील किंवा दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांपाशी गंज धरला असेल, तर डागडुजीत वेळ घालवू नये. कोकणच्या दमट हवेत साध्या पोलादी तारा बंद पेटीत गंजतात, हे आपल्यालाही ठाऊक असेलच.

तारांचे काम कसे चालते ते समजले, की निवड सोपी होते. वरच्या हेडवर काठी पडली, की आतली हवा दाबली जाऊन खालचे हेड थरथरते, तारा त्यावरून क्षणभर उसळतात आणि परत आपटतात. त्या आपटण्याचाच तो ‘चर्र’ आवाज असतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जीव्याचा दोरा रेसभर इकडेतिकडे सरकवला, की जवारी (तारेचा झणकार) उघडते किंवा मिटते. इथला हिशेबही तितकाच नाजूक आहे. तारा फार सैल असतील तर त्या उशिरापर्यंत आपटत राहतात, आणि फार घट्ट असतील तर हेडवरून उसळतच नाहीत. आपला चिमटलेला आवाज या दुसऱ्या कारणाने येतो. शिवाय दर वेळी खरखर थांबवण्यासाठी स्क्रू आवळत गेल्यामुळे ताणाखाली तारा अधिकच लांबतात, म्हणजे औषधच रोग वाढवते.

आता संख्येविषयी. १४ इंची ड्रमसाठी २० तारांची जाळी ही सर्वमान्य निवड आहे. १२ किंवा १६ तारा घेतल्यास ड्रमच्या कड्याचा आवाज अधिक मोकळा येतो. ४२ तारांत चर्र पुष्कळ येतो, पण कड्याचा गोडवा त्याखाली झाकला जातो. दुसरी अडचण अधिक व्यवहाराची आहे. जिथून जाळी बाहेर पडते, तिथे कड्याची कड दोन्ही बाजूंना किंचित खोलगट घासलेली असते. ही खोलगट जागा नेहमीच्या जाळीच्या बेताची असेल, तर रुंद जाळीच्या कडेच्या तारा तिच्याबाहेर पडून नीट टेकत नाहीत, आणि खरखर घालवण्यासाठी आणलेली जाळी नवी खरखर घेऊन येते. धातूचा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे. पोलादी तारांचा आवाज धारदार आणि पितळ किंवा काशाच्या तारांचा थोडा मऊ असतो. आपल्या हवेसाठी स्टेनलेस स्टील मिळाल्यास तेच घ्यावे. जाळीवर लिहिलेले १४ इंच हे माप ड्रमच्या व्यासाचे असते, तारांच्या लांबीचे नव्हे. त्यामुळे घरी पट्टी लावून ती आखूड भरली, तर फसवणूक झाली असे समजू नये. लुडविगच्या सुपर-सेन्सिटिव्हसारख्या काही ड्रममध्ये तारा कडेच्या बाहेरपर्यंत जातात. त्यांना त्यांचीच जाळी लागते.

जाळी घरी निश्चित बसवता येते. जुनी काढण्याआधी मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत, कारण जाळी बांधणारी दोरी किंवा प्लॅस्टिकची पट्टी कोणत्या खाचेतून कशी ओवली आहे, हे नंतर हमखास आठवत नाही. खालचे हेड अत्यंत पातळ असते, साधारण ०.०७५ मिलिमीटर, वरचे एकपदरी हेड सुमारे ०.२५ मिलिमीटर असते. म्हणून हातातला स्क्रूड्रायव्हर किंवा ड्रम की (हेडचे स्क्रू फिरवण्याची किल्ली) त्यावर पडू देऊ नये. हेडवर तारांचे खोल वळ उठले असतील किंवा सुरकुत्या दिसत असतील, तर ते याच वेळी बदलावे आणि चांगले ताणून घ्यावे.

नवी जाळी बसवताना खटक्याचा ताणाचा स्क्रू मधोमध आणून ठेवावा, म्हणजे पुढे सैल व घट्ट करण्यास दोन्हीकडे वाव राहतो. हे न करता जाळी बांधली, तर पुढे स्क्रू शेवटपर्यंत फिरूनही तारा सैलच राहतात आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. खटका चालू स्थितीत असू द्यावा. आधी खटक्यासमोरची स्थिर बाजू पक्की करावी. जाळी हेडच्या बरोबर मध्ये येईल, तिची दोन्ही टोके काठापासून सारख्याच अंतरावर राहतील आणि धातूच्या पट्ट्या काठावर चढणार नाहीत, असे पाहून मगच खटक्याकडची दोरी ओढावी. दोरीचे दोन्ही पदर सारखे ओढणे हे या कामातले खरे कौशल्य. एक पदर थोडा जरी आखूड राहिला, तरी जाळी तिरकी होते आणि एका बाजूच्या तारा ताठ, दुसऱ्या बाजूच्या ढिल्या राहतात. जोर लावून ओढू नये. दोरीतला ढिलेपणा गेला की दोरी धरून ठेवणारे स्क्रू आवळावेत. मग ड्रम सुलटा करून, वरच्या हेडवर बोटाने हलके टिचकी मारत ताण थोडा थोडा वाढवावा आणि टिचकीलाही स्वच्छ, लगेच थांबणारा चर्र ऐकू आला की हात थांबवावा.

प्रश्न : आमच्या चर्चच्या गायनवृंदात बेस गिटारचा एखादा विशिष्ट सूर वाजला, की न वाजवताही स्नेअर ड्रम गुणगुणतो. नवी जाळी घातली, तरी फरक नाही. काय करावे?
– एक वाचक, वसई

उत्तर : यात जाळीचा दोष नाही. बेसचा सूर आणि आपल्या ड्रमच्या हेडचा सूर जुळत असल्यामुळे हेड आपोआप थरथरते आणि तारा त्याला साथ देतात. हे पूर्णपणे थांबत नाही, पण पुष्कळ कमी करता येते. खालच्या हेडचा सूर थोडा वर किंवा खाली सरकवावा. तेवढ्याने न भागल्यास जाळी जिथे बाहेर पडते, तिथल्या, खालचे हेड ताणणाऱ्या चार स्क्रूंना प्रत्येकी अर्धा फेरा सैल करावे. जाळी आणखी आवळण्याचा मोह टाळावा, नाहीतर देवगडच्या वाचकांप्रमाणे आपलाही ड्रम चिमटला जाईल. ज्या भजनात स्नेअर नाहीच, तिथे खटका बंद करून ठेवावा. तो असतो त्यासाठीच, पण कार्यक्रमाच्या घाईत आपण सगळेच ते विसरतो.