लन वाढवला तरी व्हीजीला जागा दिसत नाही, आणि दोन पाथ फेल्ड आहेत: आधी काय करू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स) सर्व्हर, एचडिस्क४ हा सॅनवरचा, म्हणजे स्टोरेजच्या नेटवर्कवरचा लन (स्टोरेजने दिलेली डिस्क), स्टोरेज टीमने तो २०० जीबीचा ३०० जीबी करून दिला पण व्हॉल्यूम ग्रुपला (व्हीजी, म्हणजे डिस्कांचा गट) जुनीच साइज दिसतेय, शिवाय एलएसपाथ या कमांडमध्ये चारपैकी दोन पाथ (सर्व्हरपासून डिस्कपर्यंतचे मार्ग) फेल्ड, आणि डेटाबेस चालू असल्यामुळे डाउनटाइम मिळणार नाही. लिनक्सवर हेच कसं करायचं तेही विचारलंय.

आधी पाथ बघा, जागा नंतर. जागा वाढवणं दोन-तीन कमांडचं काम आहे आणि ते ऑनलाइन होतं, त्याची घाई नको. पण उरलेले दोन पाथ जर एकाच एचबीएवरून (सर्व्हरमधलं सॅनचं कार्ड) जात असतील तर आत्ता तुमचा डेटाबेस एका केबलवर उभा आहे, ती गेली की व्हीजीचं काम चालू असताना आयओ (डिस्कवरचं वाचन-लेखन) एरर येणार आणि मग जागेचा प्रश्न बाजूलाच राहील.

एलएसपाथ नुसतं मारू नका. -एल एचडिस्क४ देऊन -एफ मध्ये स्टेटस, नेम, पेरेंट आणि कनेक्शन हे चार कॉलम मागा. पेरेंट म्हणजे तुमच्या बाजूचा एचबीए, एफस्कझी० की एफस्कझी१, आणि कनेक्शनमध्ये स्टोरेजच्या पोर्टचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन, म्हणजे ओळख क्रमांक असतो. दोन्ही फेल्ड पाथचा पेरेंट एकच असेल तर बघायचं तुमच्या बाजूला, म्हणजे एचबीए, केबल, एसएफपी (केबल जोडायचं मॉड्यूल), स्विचचा पोर्ट, नाहीतर त्या बाजूचं झोनिंग (कोणाला कोण दिसेल हे ठरवणारं स्विचचं सेटिंग). पेरेंट वेगवेगळे पण डब्ल्यूडब्ल्यूपीएन एकच असेल तर स्टोरेजच्या कंट्रोलर पोर्टकडे बोट दाखवा आणि तो डब्ल्यूडब्ल्यूपीएन स्टोरेज टीमला कॉपी करून द्या, नुसतं पाथ गेलाय म्हटलं तर ते आमच्याकडे सगळं ग्रीन आहे म्हणतील. सोबत ईआरआरपीटी, म्हणजे एररची नोंद बघा, पाथ कधी पडला त्याची वेळ तिथे मिळते आणि त्या वेळी कुणी स्विचवर काम करत होतं का ते विचारता येतं.

फेल्ड आणि मिसिंग यात गल्लत करू नका. मिसिंग म्हणजे आधी असलेला पाथ या बूटला सापडलाच नाही. फेल्ड म्हणजे पाथ होता, वापरात असताना एरर आले म्हणून बाजूला काढला. आणि इथे बरेच जण अडकतात, केबल बदलली, लाइट हिरवी झाली, तरी पाथ फेल्डच. एलएसएटीटीआर -ईएल एचडिस्क४ (डिस्कची सेटिंग दाखवते) मारून एचचेक इंटरव्हल बघा, तिथे ० असेल तर हेल्थ चेक बंद आहे, पाथ परत आला का हे कुणी तपासतच नाहीये. तात्पुरतं सीएचपाथने तो पाथ एनेबल करा, आणि इंटरव्हल ६० सेकंद करून ठेवा. डिस्क वापरात असेल तर सेटिंग बदलणाऱ्या सीएचडीईव्ही कमांडला -पी लावा, म्हणजे बदल पुढच्या रीबूटला लागू होईल.

त्याच आउटपुटमध्ये रिझर्व्ह पॉलिसीवरही (डिस्क राखून ठेवायची पद्धत) नजर टाका. ती सिंगल पाथ असेल तर चार पाथ असूनही आयओ एकाच पाथवरून चाललाय, बाकीचे फक्त राखीव. लोड सगळ्या पाथवर वाटायचा असेल तर नो रिझर्व्ह आणि अल्गोरिदम राउंड रॉबिन (पाळीपाळीने) किंवा शॉर्टेस्ट क्यू (सगळ्यात छोट्या रांगेच्या पाथवर), पण आधी तुमच्या स्टोरेजवाल्यांची शिफारस विचारा. आणि चार पाथ दिसतात म्हणून खूश होऊ नका. मी एका ठिकाणी असे चार पाथ बघितलेत जे चारही एकाच स्विचमधून जात होते, रिपोर्टमध्ये रिडंडन्सी पूर्ण आणि प्रत्यक्षात तो एक स्विच गेला की सगळं गेलं. एलएसपाथला स्विच दिसत नाही, ते झोनिंगच्या डायग्रामवरच कळतं.

पाथ चारही एनेबल्ड झाले की मग जागा. त्याआधी एक गोष्ट, स्टोरेज टीमने वाढवलेला लन हाच का ते एचडिस्कच्या नावावरून ठरवू नका, ते नाव फक्त तुमच्या सर्व्हरपुरतं असतं. एलएससीएफजी -व्हीपीएल मधला सिरियल किंवा एलएसएटीटीआरमधला युनिक आयडी त्यांच्या यादीशी अक्षर न् अक्षर जुळवा. जुळलं की बूटइन्फो -एस एचडिस्क४ मारा, ते एमबीमध्ये साइज देतं, ३०७२०० आलं तर ओएसला नवीन साइज दिसतेय. मग सीएचव्हीजी -जी आणि व्हीजीचं नाव, म्हणजे व्हीजीलाही नवीन साइज कळते. हे जी स्मॉलच हवं, कॅपिटल जी म्हणजे व्हीजी स्केलेबल करणं, ते वेगळं काम आहे.

तुमच्याकडे ही कमांड बहुतेक इथेच अडली असणार. ओरिजिनल प्रकारच्या व्हीजीत एका डिस्कवर १०१६ पीपींची (डिस्कचे समान तुकडे) मर्यादा असते. पीपी २५६ एमबीचा धरला तर २०० जीबीचे ८०० पीपी होतात, ते बसतात, पण ३०० जीबीचे १२०० होतात आणि ते बसत नाहीत. एलएसव्हीजीमध्ये पीपी साइज आणि मॅक्स पीपीज पर पीव्ही (पीव्ही म्हणजे व्हीजीतली डिस्क) बघा म्हणजे लगेच कळेल. उपाय सीएचव्हीजी -टी २, ऑनलाइन होतो, मर्यादा २०३२ होते पण बदल्यात व्हीजीत जास्तीत जास्त डिस्क ३२ वरून १६ वर येतात, तेव्हा आधी डिस्क मोजा. स्केलेबल व्हीजीत हे डिस्कमागचं बंधनच नाही आणि १०२४ पर्यंत डिस्क चालतात, पण रूपांतर करायला व्हीजी व्हॅरीऑफ, म्हणजे बंद करावा लागतो, म्हणजे तुम्हाला आत्ता ते शक्य नाही. पुढच्या मेंटेनन्स विंडोत मात्र करूनच घ्या, नवीन व्हीजी तर मी सरळ स्केलेबलच बनवतो.

पुढे फाइलसिस्टिम वाढवणाऱ्या सीएचएफएसला साइज प्लस ८० जी वगैरे द्या, जेएफएस२ (एआयएक्सची फाइलसिस्टिम) असेल तर माउंट असतानाच वाढतं आणि एलव्ही (तिच्याखालचा व्हीजीतला भाग) तीच कमांड वाढवते. मॅक्सिमम अलोकेशनची एरर आली तर एलव्हीची मॅक्स एलपी (एलव्हीचे जास्तीत जास्त तुकडे) मर्यादा कमी आहे, ती बाय डीफॉल्ट ५१२ असते, सीएचएलव्ही -एक्सने वाढवा आणि पुन्हा चालवा. सगळी १०० जीबी एकदम देऊन टाकू नका, थोडी व्हीजीत फ्री ठेवा, जेएफएस२ लहान करता येतं पण चालू डेटाबेसखाली कुणी ते करायला जात नाही.

लिनक्सचंही विचारलंत. क्रम तोच, खालून वर. मल्टिपाथ -एलएल मध्ये प्रत्येक पाथ अ‍ॅक्टिव्ह रेडी दिसला पाहिजे, मग त्या मॅपखालच्या (सगळे पाथ मिळून दिसणारी एक डिस्क) प्रत्येक एसडी डिव्हाइसला (एकेका पाथचं नाव) रीस्कॅन, एकही सोडायचा नाही कारण एका पाथची साइज जुनी राहिली तर मॅप वाढत नाही. नंतर मल्टिपाथडीला रिसाइझ मॅप, मग पीव्हीरिसाइझ (डिस्कची नवीन साइज घेतो) आणि एलव्हीएक्सटेंड -आर, तो -आर फाइलसिस्टिमही सोबत वाढवतो. पीव्हीरिसाइझ नेहमी एमपाथच्या (म्हणजे त्या मॅपच्या) नावावर, एसडीच्या नावावर कधीच नाही, आणि डुप्लिकेट पीव्हीची वॉर्निंग येत असेल तर एलव्हीएमचा (लिनक्सचा व्हॉल्यूम मॅनेजर) फिल्टर नीट केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुमच्या एलएसपाथचा ते चार कॉलमवाला आणि एलएसव्हीजीचा आउटपुट इथे टाका, डब्ल्यूडब्ल्यूपीएनचे मधले आकडे झाकले तरी चालतील, फक्त पेरेंट आणि कोणते दोन सारखे आहेत ते दिसू द्या.