मडगावात तिसरा मजला, लिफ्ट नाही, मूल दीड वर्षाचं. गोव्यातल्या रस्त्यांवर चालेल असा स्ट्रोलर कोणता घ्यावा?

आठ-दहा हजारांचं बजेट, तिसरा मजला, लिफ्ट नाही, पोरगा दीड वर्षाचा. तुमचा प्रश्न वाचून निम्मे लोक एकच सांगणार, हलका घ्या, सहा किलोच्या आतला घ्या. माझा मुलगाही तेच सांगेल. त्याच्याशी माझा याच विषयावर गेली सहा वर्षं वाद चालू आहे, म्हणून म्हटलं आपणही लिहावं.

आधी चाक बघा. चाक बघितल्याशिवाय रंग, छत, बाटली ठेवायची जागा यांच्याकडे ढुंकूनही बघू नका.

माझं म्हापशात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. 32 वर्षं चालवलं, गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा बंद केलं. शेवटच्या दहाएक वर्षांत सायकली कमी आणि बाबागाड्या जास्त यायला लागल्या होत्या. शुक्रवारी तर रांग. बाजाराला आलेली माणसं गाडी माझ्या दारात टाकायची, मिरच्या-भाजी घेऊन तासाभराने परत यायची. तक्रार बहुतेक वेळा पुढच्या चाकाची. फिरत नाही, आवाज करतं, एका बाजूला ओढतं. चाक काढलं की आत एक्सलला, म्हणजे चाक ज्या दांड्यावर फिरतं त्याला, आईचे लांब केस गुंडाळलेले, त्यात समुद्रावरची वाळू, आणि वरून घरातल्या कोणी तरी मायेने सोडलेलं खोबरेल. तिन्हीचा मिळून काळा लगदा. बारीक स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढावा लागायचा. खोबरेल चाकात घालू नका हो, ते वाळूला धरून बसतं. कोलव्याला नेलीत तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने चाकं धुवा, पूर्ण सुकू द्या, मग सिलिकॉनचा स्प्रे मारा. आणि कोरड्या वाळूत कुठलीच बाबागाडी ढकलून जात नाही. उलटी फिरवून मागे ओढत न्या, त्यातल्या त्यात बरी जाते.

आता चाकाचा आकार. चार इंचाचं चाक म्हणजे जमिनीपासून एक्सल दोन इंचांवर. समोर दोन इंचांची कड आली की ती थेट एक्सलच्या उंचीला भिडते. मग कितीही जोर लावा, चाक चढत नाही, गाडीच पुढे कलंडते. तेच चाक सात इंचांचं असेल तर एक्सल साडेतीन इंचांवर, कड त्याच्या खाली राहते, थोड्या जोराने वर येतं. आपल्या गटारांवरची झाकणं डोळ्यासमोर आणा. एक वर, एक खाली, मधे फट. यात हुशारी काही नाही, सायकलवाल्याच्या पोरालाही कळतं. माझ्या पोराला कळलं नाही.

नातू तेव्हा तुमच्या मुलाएवढाच. मुलगा-सून पणजीला भाड्याने राहायची. मुलाने ऑनलाइन मागवली ती छत्रीसारखी मिटणारी, दोन वेगळ्या मुठींची, साडेपाच किलोची. खोक्यातून काढली तसं मी चाक बोटाने फिरवून बघितलं. दोन फेऱ्यांत थांबलं. छर्रे नाहीत, बेअरिंग नाही, नुसता प्लास्टिकचा बुश. म्हटलं, ही मॉलमधली गाडी. तर तो मला इतिहास ऐकवायला लागला. बाबा, ही छत्रीवाली गाडी ज्याने काढली तो ओवेन मॅकलॅरेन विमानांचा इंजिनियर होता, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्याने काम केलं होतं, मुलगी मॉस्कोहून नातवंड घेऊन आली तेव्हा तिची अवजड गाडी बघून त्याने ॲल्युमिनियमची तीन किलोच्या आतली गाडी बनवली, 1965 साली पेटंटसाठी अर्ज केला. ऐकून घेतलं. माणूस मोठा खरा, लँडिंग गिअर दुमडणाऱ्यालाच असलं सुचतं. पण विमानाचं चाक धावपट्टीवर उतरतं, रायबंदरच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर नाही.

सुनेचं माहेर चोडणला, मांडवी नदीतल्या बेटावर, रायबंदरहून फेरीने जायचं. त्यांच्याकडे पाच दिवसांचा गणपती, विसर्जनाच्या दिवशी जेवायला बोलावलेलं. मुलगा ड्युटीवर, म्हणून मी, सून आणि नातू असे निघालो. रायबंदरच्या धक्क्यावर पाऊस बारीक लागला होता. सुनेच्या एका हातात छत्री. गाडीला मुठी दोन, मोकळा हात एक. एका मुठीने ढकललं की ती गाडी सरळ जातच नाही, पाण्यातल्या होडीसारखी तिरकी फिरते. चार महिने जिथे पाऊस पडतो तिथे दोन मुठींची गाडी विकणाऱ्याला एकदा जूनमध्ये छत्री देऊन पणजीत फिरवायला हवं. शेवटी गाडी मी घेतली.

फेरीबोट लागली. तिचं लोखंडी फळकं धक्क्याच्या उतारावर टेकतं, तिथे दोन-तीन इंचांची पायरी राहते. फळक्यावर घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या. पुढचं चाक त्या पायरीशी गेलं, आडवं फिरलं आणि फटीत जाऊन बसलं. मागे स्कूटरवाले हॉर्न देतायत, फेरीवरचा माणूस "बेगीन, बेगीन" ओरडतोय. मी पट्टा सोडून नातवाला उचललं. त्याबरोबर गाडी मागे उलथली, कारण मुठींना पिशवी अडकवलेली, आणि पिशवीत नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा. झाकण उडालं. नेवऱ्या ओल्या फळक्यावरून घरंगळल्या, दोन-तीन स्कूटरच्या चाकाखाली, बाकीच्या मांडवीत. नातू माझ्या खांद्यावरून टाळ्या वाजवत होता. व्याह्यांच्या दारात आम्ही वाकड्या चाकाची गाडी आणि अर्धा डबा घेऊन पोचलो.

(हँडलला पिशवी लावू नका, हे यातून घ्या. पोर बसलंय तोवर गाडी उभी राहते, पोर उचललं की मागे जाते. सामान खालच्या टोपलीत.)

परत आल्यावर मी मुलाला फोन करून जे बोललो ते इथे लिहीत नाही. तो म्हणाला, बाबा, रोज कुठे फेरीने जायचंय? रोज जिना उतरायचाय. माझ्या डोक्यात मात्र चाक बसलं होतं.

शेजाऱ्यांकडे एक जुनी लोखंडी चौकट पडून होती, एकसलग हँडलची. पुढचे दोन पाय कापले, मधोमध लहान मुलांच्या सायकलचा 12 इंची फोर्क आणि चाक बसवलं, गॅसने वेल्ड केलं. मागची चाकं मूळचीच ठेवली, कारण पायाचा ब्रेक त्यांच्यावर होता. पट्टाही मूळचाच, दोन खांदे, दोन कंबर आणि एक पायांच्या मधून, असा पाच ठिकाणी धरणारा. पुढचं चाक सरळच राहायचं, वळायचं तर हँडल दाबून पुढचा भाग उचलून वळवायची. पण काय चालायची! म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेली, गटाराची झाकणं, भाजीच्या जुड्या, सगळ्यांवरून नुसती वाहत गेली. नातू झोपला. एका हाताने ढकलतोय, दुसऱ्या हातात छत्री. ओळखीचे थांबून विचारायचे, कुठून आणली? आयुष्यात हजारो सायकली सरळ केल्या, एवढी विचारपूस कुठल्याच सायकलची झाली नाही.

मग ती पणजीला नेली. सुनेने गाडीला चक्कर मारली, हँडल धरून बघितलं, एकदा उचलून बघितली आणि खाली ठेवली. म्हणाली, "बाबा, गाडी छान झालीय. पण हिला वर न्यायला दुसरी गाडी लागेल." त्यांचा दुसरा मजला होता. भंगारवाल्याच्या काट्यावर आधीच वजन केलेलं होतं, 14 किलो. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मुलगा हसला. तेव्हापासून घरात काही अडलं की तो म्हणतो, "बाबांना सांगा, 12 इंची चाक बसवतील."

असो. तुमच्या प्रश्नाकडे येतो. हँडल एकसलग, हा नियम मोडू नका. पुढची चाकं निदान सहा इंचांची, आणि ती सरळ लॉक करायची सोय हवी. पेव्हर तुटलेले असतील तिथे लॉक करायची, म्हणजे चाक आडवं होऊन अडकत नाही. टायर हवेचे नकोत, भरीव फोमचे घ्या. पंक्चर काढणारे आता राहिलेत कुठे? दुकानात जाताना दहा किलो उकड्या तांदळाची पिशवी बरोबर न्या. खरंच सांगतोय. तुमचा मुलगा साधारण तेवढाच असेल, दहा-अकरा किलोचा. पिशवी सीटवर ठेवा, पट्टा लावा आणि एका हाताने गाडी आठच्या आकड्यात फिरवा. मग दुकानाचा उंबरठा चढवून बघा. रिकामी गाडी दुकानातल्या फरशीवर कुठलीही छानच चालते. लेबलवर वजनाची मर्यादाही वाचा, पुष्कळ गाड्यांवर 15 किलो लिहिलेलं असतं. तीन वर्षांचं मूल 14 च्या आसपास जातं, म्हणजे फार काळ हाताशी नसतो. 22 किलोपर्यंतच्या मिळतात, जमली तर ती घ्या.

बिजागरी झाकलेली आहे का बघा. वर ज्याचं कौतुक केलं त्या मॅकलॅरेनच्या नावाच्या कंपनीला 2009 साली अमेरिकेत जवळपास 10 लाख गाड्यांसाठी बिजागरीवर लावायची कव्हरं वाटावी लागली होती, मिटता-उघडताना मुलांच्या बोटांची टोकं तुटली म्हणून. गाडी उघडताना-मिटताना पोर लांब, हे आईबापांनी एकमेकांना रोज ओरडून सांगायचं.

सीटचं कापड निघणारं हवं. इथे जुलैत भिंतींना बुरशी येते तिथे स्ट्रोलरच्या फोमचं काय सांगावं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलीत तर आणखी लवकर येते. आणि पावसाचं पारदर्शक कव्हर फक्त पाऊस पडत असतानाच लावा. पाऊस थांबून ऊन पडलं की पहिल्यांदा ते काढा, आत भट्टी होते. उन्हासाठी वरून दुपट्टा टाकणाऱ्यांनाही हेच सांगतो, हवा अडते. छत पुढे ओढा, पुरतं.

आता तिसरा मजला. चौकट जिन्याखाली ठेवा, सायकलची साखळी लावा, सीटचं कापड तेवढं वर न्या. म्हणजे आठ-नऊ किलोची दणकट गाडी घेतलीत तरी उचलायची वेळ येत नाही. हा उपाय मी मुलाला तेव्हाच सांगितला होता. त्याचं म्हणणं, घरमालक जिन्याखाली चप्पलसुद्धा ठेवू देत नाही. ते खरंही होतं. तुमच्याकडे जागा नसेल, किंवा उंदीर असतील, किंवा तुमची बायको दिवसभर एकटी पोर, पिशवी आणि गाडी घेऊन तीन मजले चढणार असेल, तर मग सहा-सात किलोचीच घ्या, पण एकसलग हँडलची. चाकं त्या वजनात मिळतील त्यातली सगळ्यात मोठी. आणि निवडायला तिलाच न्या. उचलून बघायची तिने, पैसे द्यायचे तुम्ही. आमच्याकडे नेमकं हेच झालं नाही, मुलाने फोनवर बघून मागवली आणि मी माझ्या डोक्याने वेल्ड केली.

माझ्यासारखं कापून-जोडून काही करू नका. फोर्क पुढे गेला की तोल बदलतो, वेल्ड सुटला तर आत पोर असतं. मी 32 वर्षं तेच काम केलं होतं, तरी रोज सकाळी सांधा हातोडीने ठोकून बघायचो.

आता आम्ही सगळे म्हापशाला एकत्रच राहतो. नातू शाळेत जातो, सायकल चालवतो. ती तिचाकी अंगणात आहे, सूनच तिच्यातून नारळ आणते, एका खेपेला सोललेले वीसेक. परवा मी विचारलं, काय, चालते ना अजून?

म्हणाली, "चालते हो बाबा. नारळांना जिना चढायचा नसतो."