कोलंबाइनचं बी उगवलं नाही म्हणून कुंडी फेकू नका

तुमची पोस्ट वाचली आणि माझं डेन्व्हरमधलं दुसरं वर्ष आठवलं. दोन महिने झाले घरात कोलंबाइनचं बी पेरून, एक कोंब नाही, आता ट्रेलवरून, म्हणजे डोंगरातल्या पायवाटेवरून, त्याचं एखादं निळ्या-पांढऱ्या फुलांचं रोप उपटून आणू का, असं विचारलंय तुम्ही. अजिबात आणू नका. १८९९ पासून कोलोरॅडोचं राज्यफूल आहे ते, आणि सरकारी जमिनीवरून मुळासकट काढायला १९२५ पासून कायद्यानेच बंदी आहे.

आणि आणलंत तरी जगणार नाही, हे मी भोगलंय. माझंही बी उगवलं नव्हतं, कंटाळून मी अख्खा ट्रे मागच्या कुंपणापाशी ओतून दिला आणि विसरून गेले, तर पुढच्या एप्रिलमध्ये तिथेच कोथिंबिरीसारखी पानं! बर्फाखालची थंडी मिळाली तेव्हा कुठे ते बी जागं झालं. पहिल्या वर्षी नुसती पानंच आली. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये कळ्या धरल्या आणि नेमकं तेव्हाच आम्हाला घर बदलायचं होतं, मला ते रोप सोडवेना, म्हणून खुरप्याने बाजूची माती मोकळी करून उचललं. खाली मुळ्यासारखं सरळसोट मूळ, कट् करून मधेच तुटलं. चार दिवस सावलीत ठेवलं, पाणी घातलं, पण कळ्या एकेक करून माना टाकत गेल्या. थोडं थांबून नुसतं बी घेऊन गेले असते तर दोन वर्षं वाचली असती, अजून हळहळ वाटते.

तर आता तीच कुंडी फ्रीजमध्ये ठेवा, माती ओलसर, महिना-दीड महिना तरी. बी सब्जाएवढं असतं, त्याला उजेड लागतो, वर माती लोटू नका, नुसतं बोटाने दाबा. खरं तर ऑक्टोबरात बाहेर पेरून विसरून जाणं सगळ्यात सोपं. मी काही यातली तज्ज्ञ नाही, तुमच्याकडची माती चिकण असेल तर पाणी साचू देऊ नका, एवढं मात्र नक्की सांगते.

अजून एक, शेजारी नर्सरीतली लाल-गुलाबी कोलंबाइन असतील तर त्यांच्याशी सहज संकर होतो, मग घरच्या बियांतून तोच निळा रंग येईलच असं नाही. म्हणून मी शेजारणीला माझंच बी दिलं. आणि जूनमध्ये फुलं आली की संध्याकाळी बाहेर थांबा, त्या मागच्या लांब नळ्यांच्या टोकाला मध असतो आणि तो प्यायला हॉक मॉथ येतात, लांब सोंडेचे मोठे पतंग.