हिऱ्याचा कॅरेट आणि सोन्याचा कॅरेट एकच का?

नाही. मराठीत दोन्ही शब्द सारखेच लिहितो, म्हणून घोळ होतो. रत्नाचा कॅरेट म्हणजे वजन, सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता.

रत्नाचा 1 कॅरेट = 200 मिलिग्रॅम, म्हणजे 5 कॅरेटचा 1 ग्रॅम. हे माप 1907 साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. कॅरेटचा शंभरावा भाग म्हणजे पॉइंट. 25 पॉइंटचा हिरा पाव कॅरेटचा. पण वजनावरून आकार ठरवू नका. माणिक हिऱ्यापेक्षा घन असतं, त्यामुळे त्याच घाटाचं 1 कॅरेटचं माणिक हिऱ्यापेक्षा लहान दिसतं. गोल पैलूदार हिरा साधारण 6.5 मिमी व्यासाचा असेल तर तो कॅरेटभर भरतो. मात्र खाली पोट सुटलेला असेल तर वजन भरूनही वरून लहानच दिसणार.

सोन्यात 24 भाग धरायचे. 18 कॅरेट म्हणजे 18 भाग सोनं आणि 6 भाग तांबं, चांदी वगैरे. दागिन्यावरचे 750 किंवा 916 हे आकडे हजारातले भाग: 750 म्हणजे 18 कॅरेट, 916 म्हणजे 22.

हिशेब चुकतो तो खड्याच्या दागिन्यात. 18 कॅरेटची अंगठी खड्यासकट 10 ग्रॅम भरली आणि खडा 1 कॅरेटचा असेल, तर आधी 0.2 ग्रॅम वजा करा. उरलेल्या 9.8 ग्रॅमला 0.75 ने गुणा: शुद्ध सोनं 7.35 ग्रॅम. खडा कोंदणात असताना त्याचं वजन मापांवरून काढलेला अंदाजच असतो. नेमकं हवं तर खडा काढूनच तोलावा लागतो.