तोक्योचं इम्पीरियल हॉटेल: भूकंपात टिकलं, मग पाडलं का?

भूकंपाला पुरून उरलेली इमारत माणसांनी केवळ पैशांसाठी पाडली का, असं तुम्ही विचारलंय. जागेचा भाव हे कारण होतंच, पण मूळ दुखणं इमारतीच्या पायातलं होतं.

हिबिया बागेसमोरची ती जमीन म्हणजे वर जेमतेम ८ फूट माती आणि खाली ६०-७० फूट गाळ. हॉटेलचे अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी कठीण थर गाठण्याऐवजी वरच्या मातीतच काँक्रीटचे आखूड खांब दाटीने रोवले. हादरे गाळात जिरतील आणि इमारत जहाजासारखी तरंगेल, हा त्यांचा हिशेब, आणि तोच पुढे नडला. बाकीच्या युक्त्या मात्र खरोखर उत्तम होत्या: खाली जाड, वर निमुळत्या भिंती, कौलांऐवजी तांब्याचं छप्पर, लांब इमारतीत मुद्दाम सोडलेले सांधे. राइट १९२२ मध्येच परत गेले. काम त्यांचे जपानी सहायक अराता एंदो यांनी तडीस नेलं. त्यांचं नाव बहुतेकदा गाळलं जातं, म्हणून आवर्जून लिहितोय.

१ सप्टेंबर १९२३ ला उद्घाटन होतं. दुपारी १२ ला दोन मिनिटं कमी असताना ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. हॉटेल उभं राहिलं, आणि दारासमोरच्या तळ्यातलं पाणी आग थोपवायला कामी आलं. पण 'ओरखडाही उठला नाही' ही दंतकथा आहे. मधला भाग खचला, काही ठिकाणी आतल्या फरशा फुगून वर आल्या. शहरातल्या इतरही काही आधुनिक इमारती तगल्या होत्या.

गाळावरची इमारत नंतरही खचतच राहिली, तीही कुठे कमी, कुठे जास्त. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात दक्षिणेकडची बाजू जळाली. इमारतीत वापरलेला ओया दगड ज्वालामुखीच्या राखेचा, कोरायला मऊ आणि झिजायलाही तितकाच सोपा. शहराच्या हवेत त्यावरचं कोरीवकाम झडू लागलं. १९६७ च्या अखेरीस हॉटेल बंद झालं, पाठोपाठ पाडलं गेलं, आणि १९७० मध्ये तिथे १७ मजली इमारत उभी राहिली.

तरी मला ते पाडणं पटत नाही. निदान दर्शनी भाग जागेवरच ठेवायला हवा होता. तो आता नागोयाजवळ इनुयामाच्या मेइजी-मुरा संग्रहालयात आहे, १९८५ पासून खुला. झिजलेल्या दगडांच्या जागी बऱ्याच ठिकाणी काँक्रीटचे ओतीव तुकडे बसवलेत. गेलात तर पिवळसर विटांवरच्या उभ्या रेघा जवळून बघा. कोवळ्या मातीवर ओरखडे काढून त्या भाजलेल्या आहेत.