रानपिंगळ्याच्या मागावर निघण्याआधी

प्रिय मित्रा,

मेळघाटात जाऊन रानपिंगळ्यावर, म्हणजे या दुर्मिळ छोट्या घुबडावर काम करायची तुझी इच्छा वाचून फार बरं वाटलं. लेन्स कोणती घेऊ आणि आवाजाचं रेकॉर्डिंग कुठे मिळेल, असं तू विचारलं आहेस. माझं म्हणणं असं की तू आधी झाडं शीक.

या पक्ष्याला ढोली स्वतः कोरता येत नाही. सुतार पक्ष्याने सोडलेली किंवा फांदी मोडून कुजल्यावर तयार झालेली ढोली मिळाली, तरच त्याची वीण होते. अशा ढोल्या जुन्या झाडांत असतात आणि विरळणीत, म्हणजे दाट रानातली झाडं कमी करताना, कुऱ्हाड पहिल्यांदा पडते ती नेमकी वाळक्या, पोकळ झाडांवर. सरळसोट कोवळ्या सागाचं रान लांबून हिरवंगार दिसतं, पण तिथे या पिंगळ्याला घर नाही. म्हणून तुझ्या भागातला ऐन, सावर, रोहन, म्हातारा साग कुठे उभा आहे, कोणत्या खोडाला किती उंचीवर ढोली आहे, हे आधी नकाशावर मांड. पक्षी न दिसताही हे काम पुढे सरकतं, आणि उद्या एखादं झाड वाचवायचं झालं तर वनखात्यापुढे ठेवायला तुझ्या हातात काहीतरी असेल.

मग ओळख. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पोटाचा खालचा भाग पांढरा, पाय दणकट. तो दिवसा वावरतो. सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसून खालचे सरडे, सापसुरळ्या, उंदीर, नाकतोडे टिपतो. म्हणजे त्याला जमिनीवरचं गवत आणि पाचोळाही हवा. वणव्याने दरसाल जमीन काळी होत राहिली तर त्याच्या शिकारीचं काय होणार, याचा विचार कर. मोह वेचायला झाडाखाली आग लावणाऱ्या माणसावर मात्र ओरडू नकोस. त्याच्याशी बोल. कोणती ढोली कोणत्या साली वापरात होती, हे कोरकू गावातल्या गुराख्याला पुष्कळदा आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

आवाजाच्या रेकॉर्डिंगबद्दल मी कडक आहे. परवानगी घेतलेल्या गणनेत ते ठरावीक वेळ वाजवतात, तो भाग वेगळा. फोटोसाठी वाजवलंस तर नराला वाटतं की हद्दीत दुसरा नर शिरला. तो शिकार सोडून भांडायला येतो, आणि तेवढा वेळ ढोलीतली मादी आणि पिल्लं उपाशी राहतात. घरट्याची जागा समाजमाध्यमांवर तर अजिबात टाकायची नाही. रानपिंगळा जिथे सापडला ते तानसा अभयारण्य मुंबईच्या इतकं जवळ आहे की तिथे ही काळजी दुप्पट हवी.

आता नोंदींबद्दल. 1872 साली ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडात पहिला नमुना मिळवला आणि पुढच्या वर्षी पक्षीअभ्यासक ह्यूम यांनी त्याचं वर्णन केलं. 1884 नंतर पक्षी हरवला. मायनर्टझहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने 1914 साली गुजरातेत मांडवीला मिळाल्याचं सांगितलेला एक नमुना तेवढा होता. तो संग्रहालयातून चोरून, नवी चिठ्ठी लावलेला जुनाच नमुना निघाला. त्या एका खोट्या चिठ्ठीमुळे लोक भलत्या ठिकाणी शोधत राहिले. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीला आणली, खऱ्या नमुन्यांच्या जागांचा माग काढला, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल 113 वर्षांनी! पुढे मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातलं खंडवा, मग 2014 मध्ये तानसा अशा जागा कळत गेल्या. 2018 साली तो IUCN या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या अतिसंकटग्रस्त यादीतून संकटग्रस्त यादीत आला. त्याचं मुख्य कारण म्हणजे नव्या जागा सापडल्या. जंगलं सुधारली असा अर्थ त्यातून काढू नकोस.

तेव्हा तुझ्या वहीत जागा, वेळ, झाड खरंच लिही. लांबून जंगली पिंगळा (ही वेगळी जात) होता की रानपिंगळा हे कळलं नाही, तर ‘कळलं नाही’ असंच लिही. पक्षी दिसला नाही, तो दिवसही गाळू नकोस. आणि पावसाळ्यानंतर विणीचा हंगाम सुरू व्हायच्या आत झाडांचा नकाशा मला पाठव, म्हणजे कोणत्या ढोल्यांवर लांबून नजर ठेवायची ते आपण मिळून ठरवू.

तुझा,
काका